उभ्या पायाची तपासणी

दवनीवाडा
९ जानेवारी २०२५

अतुल,

जय भीम. हे बाबांच्या सवयीने लिहिलं आहे, तुझ्याबद्दल माया दाटून आली म्हणून नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या बायकोला, प्रेरणाला फोन लावला तर ती म्हणते, "ताई, ते पेशंट बघून राहिले." सकाळी लावला तरी पेशंट, जेवायच्या वेळेला लावला तरी पेशंट. म्हणून टपालाने लिहिते आहे. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवते, मायना, मजकूर, सही. एकाच तालुक्यात राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहावं लागतं, याचा नमुना आमच्या पुस्तकात नाही.

त्या दिवशी मी तुझ्या सेंटरच्या हॉलमध्ये, पेशंटांसमोर आवाज चढवला, याचा तुला राग आहे. असू दे. माफी मागायला मी बसलेली नाही. तेव्हा जे विचारलं होतं तेच पुन्हा विचारते, आता कागदावर, म्हणजे तुला "इथे तमाशा करू नकोस" म्हणता येणार नाही.

मायच्या डाव्या पायाची सोनोग्राफी केलीस, तेव्हा तिला उभं का केलं नाहीस?

मी बाहेर बाकावर बसले होते. मला वाटलं, बराच वेळ लागेल. आमच्या शाळेतल्या मंदा मॅडमच्या पायाच्या शिरा अशाच फुगल्या होत्या. नागपूरला त्यांना इतकं उभं ठेवलं की त्यांना भोवळ आली. मांडीपर्यंत पाय उघडा, त्यावर ते थंडगार जेल, आणि डॉक्टर पोटरी दाबून सोडणार, परत दाबून सोडणार. उभं असलं की रक्त खाली ओढलं जातं, तेव्हाच कळतं की शिरेतल्या झडपा ते धरून ठेवतात की नाही, असं त्यांना तिथे समजावलं होतं. आणि तू मायला आत नेलंस आणि माझा चहा संपायच्या आत बाहेर आणून सोडलंस. ऑटोत माय खुशीत होती. म्हणाली, "लवकर झालं वो बाई. लुगडं बी वर कराले नाई सांगतलं. गुडघ्यापावतर पायलं अन् झालं."

गुडघ्यापर्यंत. आणि तुझ्या रिपोर्टात काय लिहिलं आहे? जांघेपासून घोट्यापर्यंत तपासलं, मांडीतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत. न पाहिलेली मांडी तुला मोकळी कशी दिसली? रिपोर्टाचा मजकूर तुझ्या कॉम्प्युटरवर तयार असतो, नाव आणि वय बदललं की काम झालं, हे सेंटर उघडलं तेव्हा तूच मला कौतुकाने दाखवलं होतंस. तेव्हा मीही कौतुक केलं होतं.

आता त्या मजकुराच्या भरवशावर तुझा मित्र गजेंद्र डॉक्टर सत्तावीस तारखेला मायच्या शिरा लेसरने जाळणार आहे.

मी मराठीची मास्तरीण आहे, मी मराठीच शिकवावी, असं तू चारचौघांत ऐकवलंस. बरोबर आहे. मला शिरांमधलं काही कळत नाही. पण त्या पायावरची जखम रोज मी धुते. घोट्याच्या वरची कातडी काळी पडली आहे आणि पट्टी संध्याकाळपर्यंत ओली होते. सालेकशाच्या आश्रमशाळेत सगळी हयात चुलीपुढे उभं राहून तिने पोरांचा भात शिजवला, तो हा पाय आहे. त्याला तू पाच मिनिटं उभं करून पाहिलं नाहीस.

परत तपास. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून करून घे. उत्तर पाठव.

अल्का


दवनीवाडा
१६ जानेवारी २०२५

अतुल,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला माहीत होतं, तरी शाळेतून आल्यावर रोज विचारलं.

काल मी मायला रेल्वेने बालाघाटला घेऊन गेले. गोंदियात कुठे नेलं असतं तर "डॉक्टर साहेब की माताजी" म्हणत आमच्याआधी तुलाच फोन गेला असता. माय यायला तयार नव्हती. "लेकाचं काम तपासाले जाऊन राहिलो का आपन?" म्हणाली. मी सरळ हो म्हटलं. ती रुसली, पण आली. त्या जखमेने ती जेरीस आली आहे, तुला सांगत नाही इतकंच.

तिथली डॉक्टर बाई आहे, माझ्याहून लहान असेल. खोलीत मशीनजवळ लाकडाची दोन पायऱ्यांची घडवंची होती आणि धरायला लोखंडी दांडा. ती म्हणाली, "माताजी, इस पर खड़े हो जाइए. डंडा पकड़िए. पूरा वज़न दाहिने पाँव पर, ये वाला ढीला छोड़िए." मायने दांडा पकडला आणि डोळे गच्च मिटून घेतले. लुगडं मी वर धरून उभी होते. बाबांच्या अंत्यविधीला तिचा चेहरा असा आवळलेला होता, त्यानंतर तसा मी कालच पाहिला.

जांघेपासून सुरुवात केली तिने, जिथे तू पोचलाच नाहीस. ती मशीनचा प्रोब दाबत दाबत खाली येत होती. निरोगी शीर दाबली की चपटी होते, हे मला तिने पडद्यावर दाखवलं, मायच्या उजव्या पायात. मग डाव्या पायात दाबलं. शीर चपटी झाली नाही. पुन्हा दाबलं, जरा खाली दाबलं, पोटरी पिळून सोडली. मग ती थांबली आणि तिने मायला विचारलं, "माताजी, डिलीवरी के बाद कभी ये पाँव सूजा था?"

मी म्हटलं, "माय, त्या विचारून राहिल्या."

डोळे न उघडता माय म्हणाली, "होता सुजला. लहान्याच्या वक्ती."

लहान्या म्हणजे तू.

मला आठवलं. मी लहान होते, पण आठवलं. घरात बाळंतिणीचा शेक होता, मायचा डावा पाय पांढराफटक पडून खांबासारखा सुजला होता आणि आजी एरंडाची पानं गरम करून त्यावर बांधायची. आजी म्हणायची, बाळंतवायू आहे, उतरेल. दवाखान्यात कुणी नेलं नाही. सूज हळूहळू उतरली आणि सगळे विसरले. ती आतली गाठ होती, अतुल, हे त्या डॉक्टर बाईने समजावून सांगितलं. मांडीतल्या मोठ्या शिरेत रक्त गोठलं आणि ती वाट कायमची बंद पडली. तेव्हापासून त्या पायाचं रक्त कातडीलगतच्या शिरांतून कसंबसं वाट काढून वर जातं आहे. म्हणून त्या फुगल्या. त्या रोग नाहीत, त्या पायाचा आधार आहेत.

मी डॉक्टर बाईला विचारलं, याच जाळल्या तर? ती म्हणाली, "फिर खून जाएगा कहाँ से? पाँव फूलेगा, घाव कभी नहीं भरेगा. इनको हाथ मत लगाने देना." आवळ पट्टी, पाय उंच ठेवणं आणि चालणं, इतकंच तिने सांगितलं. लेसर अजिबात नको.

आता यावर काय बोलतोस? मला तुझा इतका राग आला आहे की हे लिहिताना दोनदा उठून अंगणात फिरून आले. ज्या पायाने तुझ्या बाळंतपणाची किंमत मोजली, तोच पाय तुझ्या हातून जायचा होता. आणि तुला फोन घ्यायलाही वेळ नाही.

ऑपरेशन रद्द कर. आजच.

अल्का


दवनीवाडा
२१ जानेवारी २०२५

अतुल,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझे जिजाजी स्वतः घेऊन येत आहेत. योगराजांसारख्या गरीब माणसावर तू ओरडणार नाहीस, एवढी लाज तुझ्यात असेल असं धरून चालते.

शेवटी प्रेरणाचा फोन आला. तुझा निरोप तिच्या तोंडून. बालाघाटची डॉक्टर नवखी आहे, घरच्या भांडणात मायचं ऑपरेशन अडवू नका. बरं. त्या नवखीने एक शीर पाहायला जेवढा वेळ दिला, तेवढ्यात तू मायला पूर्ण तपासून मोकळा झाला होतास.

पण हे पत्र त्यासाठी नाही. इथे वेगळंच होऊन बसलं आहे आणि ते तुला कळलं पाहिजे.

माय ऑपरेशनला जाणार म्हणते.

मला वाटलं, तिला बालाघाटचं नीट समजलं नसेल. मी पुन्हा समजावलं. तर म्हणाली, "समजलं मले. येडी नाई मी."

"मंग कायले जातेस? त्यानं वरती पायलंच नाई, तुले तं माईत आहे ना?"

"माईत आहे. मीच तं होती तिथं."

मी कपाळावर हात मारला. ती शांतपणे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गजेंद्र डॉक्टर त्याचा दोस्त आहे. त्याच्यापुढं मायनंच लेकाले खोटं पाडावं का? त्याचं आताच तं नाव होऊन राहिलं. लोक म्हनतील, ज्याले मायचा पाय पायता नाई आला तो आमचा का पायते."

"अन् पाय गेला तं?"

"म्हातारीचा पाय. आता का धानाचे पऱ्हे लावाले जातो का मी?"

मी म्हटलं, मी गजेंद्र डॉक्टरला फोन करते. तर तिने सूप बाजूला ठेवलं, पायाची पट्टी सोडली आणि अंगणात फेकली. "कर फोन," म्हणाली. "माया लेकाची इज्जत घालवशीन तं मी या पायाले परत पट्टी बांधू देनार नाई. ना तुले, ना कोनाले." दोन दिवस तशीच बसली होती. जखमेवर माश्या बसायला लागल्या तेव्हा मीच शपथ घेतली की फोन करणार नाही. मग तिने पट्टी बांधू दिली. अशा बाईपुढे काय करायचं ते तू सांग. मला तर रडावं की तिच्यावर ओरडावं तेच कळत नाही. मी दोन्ही केलं.

काल मी तिला विचारलं, त्याने असं केलंच काऊन? ती म्हणाली, "लाजला तो. माया लुगड्याले हात लावला नाई त्यानं. तोंड सारखं मशिनीकडं ठेवलं. लेकच होय ना, कसा पायन?"

आता खरं सांगते, हे ऐकून मी थोडी निवळले. हे मला समजतं. आपल्या घरात बाबासुद्धा माय पाय धुवायला बसली की तोंड फिरवायचे. परक्या बायांना तू रोज नीट उभं करून तपासत असशील, आणि आपली माय समोर आली तेव्हा हात अडखळला. लाज वाटणं गुन्हा नाही. पण मग बाहेर येऊन म्हणायचं होतं, ताई, मला हे जमत नाही, हिला दुसऱ्याकडे ने. मी तुझ्या पाठीवर थाप मारली असती. तू ते म्हणाला नाहीस. आत जाऊन रिपोर्ट छापलास.

माझं मागणं एकच आहे. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस. मायसमोर बसून म्हण, माय, मी पाहिलं नव्हतं. तुझ्या तोंडून ऐकलं तरच ती थांबेल. डॉक्टरचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तिला वाचवायचं म्हणजे आता फक्त तू उरला आहेस, आणि याची मला फार चीड येते.

अल्का


दवनीवाडा
२५ जानेवारी २०२५

अतुल,

जिजाजी म्हणाले, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस, खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "बघतो." त्याला आज चार दिवस झाले.

माय पिशवी भरून बसली आहे. दोन लुगडी, टॉवेल, तांब्या आणि तुझ्या पोरीसाठी घरचे मुरमुऱ्याचे लाडू. ऑपरेशनला जाणारी बाई नातीसाठी लाडू घेऊन जाते. उद्या दुपारी तू गाडी पाठवणार आणि ती भरती होणार, असं तिने गल्लीभर सांगितलं आहे. शेजारच्या देवकाबाई तिला निरोप द्यायलाही येऊन गेल्या.

उद्या सकाळी मी झेंडावंदनाला शाळेत असेन. परत आल्यावर, गाडी यायच्या आत, मी शपथ मोडणार आहे. गजेंद्र डॉक्टरला सगळं सांगणार. मग मायने पट्टी फेकली, जखम चिघळली, माझं तोंड पाहायचं सोडलं, तर त्यातला निम्मा वाटा तुझा. मी एकटी तो उचलणार नाही.

अल्का


दवनीवाडा
२ फेब्रुवारी २०२५

अतुल,

जय भीम.

सव्वीसला मी शाळेतून आले तर दाराला कडी. माय नाही, पिशवी नाही. देवकाबाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ सोता येऊन घेऊन गेला." मला वाटलं, तू माझ्या आधीच तिला भरती करायला नेलंस. मी गजेंद्र डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, त्यांचं ऑपरेशन आत्ताच कॅन्सल झालं आहे. मी ओट्यावरच बसले.

संध्याकाळी तुझ्या गाडीने माय परत आली. लाडू तेवढे पोचवून आली. आल्या आल्या तिने सांगायला सुरुवात केली आणि आज आठवडा झाला, अजून सांगते आहे. सुटी म्हणून सेंटर बंद होतं, तू उघडलंस, तिथल्या मदतनीस बाईला बोलावून घेतलंस. "मले म्हने, उभी राहा माय. मी म्हटलं, आता नाई का लाजत? खाली बसला माया पुढं अन् लय वेळ पायलं. मंग लुगडं सोतानं खाली केलं. म्हने, माय, त्या दिवशी मी नव्हतं पायलं. मी म्हटलं, माईत आहे रे बापू मले." मग तू तिच्यासमोरच मित्राला फोन केलास आणि मशीनवर काही न ढकलता सरळ सांगितलंस की चूक माझी. हे तिने दोनदा सांगितलं.

आता पायाला आवळ पट्टी आहे. दुपारी उशीवर पाय टेकवून निजते. जखम जरा सुकायला लागली आहे. मी तुला चांगलं पत्र लिहायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. त्यात लिहिणार होते की राग संपला, घरी ये, जेवायला ये.

गुरुवारी संध्याकाळी माय देवकाबाईंना पुन्हा तीच गोष्ट सांगत होती. मी आत वह्या तपासत होते. या वेळी तिने नवीन एक सांगितलं. म्हणाली, "उभी राहाले तिथं पकडाले काईच नव्हतं. ना पायरी, ना दांडा. तोल जाऊन मी पडून राहिली होती नं वो. म्हनून त्याच्या डोक्यावरच हात ठेवला अन् उभी राहिली." देवकाबाईंनी पदराने डोळे पुसले. 

मी बाहेर आले. विचारलं, "माय, बालाघाटले होती तशी पायरी नाई त्याच्याकडं?"

"नाई. मी बी तेच म्हटलं त्या मदतीच्या बाईले. तं ते म्हने, इथं तं सगळ्याइले टेबलावर आडवं पाडूनच पायते साहेब. लवकर होते."

आणि ती पुन्हा देवकाबाईंकडे वळून डोक्यावरच्या हाताची गोष्ट सांगायला लागली.

तर ती लाज नव्हती. मी तुला समजून घेतलं ते मागे घेते. परक्या बायांना तू नीट तपासत असशील, असं मी स्वतःहून तुझ्या बाजूने लिहिलं होतं, आणि तू ते वाचून खिशात ठेवलंस. मायच्या बाबतीत तुझा हात अडखळला नाही. तू रोज करतोस तेच केलंस. धानाच्या रोवणीत वाकून आणि चुलीपुढे उभं राहून ज्यांचे पाय गेले त्या साऱ्या बाया तुझ्याकडे येतात, तू त्यांना निजवतोस, गुडघ्यापर्यंत बघतोस, नाव आणि वय बदलतोस. त्यातल्या कुणाचा लहान्या सोनोग्राफीवाला नसतो. त्यांना बालाघाटला कोण नेणार?

हे मी मायला सांगितलेलं नाही.

टिकाराम सुताराकडून एक पायरी बनवून घेतली आहे. सागाची, दोन टप्प्यांची. गावातल्या वेल्डरकडून बाजूला दांडा बसवून घेतला, मायला उभं करून, तिच्या हाताच्या उंचीवर. सोमवारी जिजाजी टेम्पोत टाकून तुझ्या सेंटरवर आणतील. ती मशीनजवळ ठेव. आणि आतापर्यंत ज्यांना निजवून मोकळ्या शिरांचा रिपोर्ट दिलास, त्यांना परत बोलाव. फोन नंबर तुझ्याकडे आहेत. गजेंद्र डॉक्टरने ज्यांना तारखा दिल्या आहेत त्यांच्यापासून सुरू कर.

माझा नंबर ब्लॉकच राहू दे. मला फोनवर "हो ताई" ऐकायचं नाही. मी न सांगता येईन आणि बाकावर बायांमध्ये बसेन. पायरी कोपऱ्यात पडलेली दिसली, तर त्या दिवशी हॉलमध्ये मी बोलले ते काहीच नव्हतं असं तुला वाटेल.

आणि मायसमोर यातला एक शब्द काढू नकोस. ती अजून साऱ्या गल्लीला सांगते आहे की तिचा लेक लाजला होता.

अल्काताई